फ्लॉपनंतर किती चिप्स लावायच्या?

हा पोकरचा प्रश्न, टेक्सस होल्डमचा: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, आणि फ्लॉप म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं. नवा गडी स्वतःची पानं बघून बेट, म्हणजे किती चिप्स लावायच्या ते, ठरवतो. एक्क्याची जोडी लागली की जोरात, हातात काही नसलं की भीत भीत. गंगापूर रोडवरच्या आमच्या रविवारच्या टेबलावर असा पाहुणा आला की तासाभरात सगळ्यांना त्याचा अंदाज येतो. मग त्याच्या मोठ्या बेटला कुणी कॉलच करत नाही, म्हणजे तेवढ्या चिप्स लावून डावात राहतच नाही. बेट किती, हे ठरतं पॉट (मधे जमलेल्या चिप्स), टेबलावरची तीन पानं आणि मागे उरलेल्या चिप्स यांच्यावर. एक डाव धरून बघू.

(आमच्या चिप्सना पैशाची किंमत नसते, तुमच्याही नसाव्यात. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि महाराष्ट्रात १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. मिसळीचं बिल कुणी भरायचं, हे डाव संपल्यावर बघू.)

१. आधी पॉट मोजा, मग मागचा स्टॅक (उरलेल्या चिप्स)

ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी लावायच्याच चिप्स, ५००/१,००० (लावणारे अनुक्रमे स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड), आणि बिग ब्लाइंडने भरलेला अँटी, म्हणजे डावाची वेगळी भरणी, १,०००. तुम्ही बटनवर (फ्लॉपनंतर शेवटी खेळणाऱ्याची जागा), जवळ २५,००० चिप्स; समोरच्याकडे त्याहून जास्त. तुम्ही २,२०० केले, बिग ब्लाइंडने कॉल केला, स्मॉल ब्लाइंड फोल्ड (पानं टाकून बाहेर). पॉटमध्ये तुमचे दोघांचे मिळून ४,४००, स्मॉल ब्लाइंडचे ५०० आणि अँटीचे १,०००, म्हणजे ५,९००. अँटी मोजायला विसरणारे खूप असतात, आणि तिथूनच पुढचा सगळा हिशोब चुकतो. तुमच्या मागे उरले २२,८००, पॉटच्या जवळपास चौपट.

हे ‘किती पट’ फार कामाचं आहे. चौपट असताना फ्लॉप, टर्न (टेबलावरचं चौथं पान) आणि रिव्हरला (पाचवं पान) साधारण निम्म्या पॉटची बेट लावत गेलात, तर सगळा स्टॅक बरोबर आत जातो. फ्लॉपला ३,०००, कॉल आला, पॉट ११,९००. टर्नला ६,०००, पॉट २३,९००. मागे १३,८००, रिव्हरला ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, तरी ती बेट पॉटच्या निम्म्याहून थोडीच मोठी. सेट (हातातली जोडी आणि टेबलावर तसंच तिसरं पान) लागलेला असेल तर हा रस्ता फ्लॉपलाच आखून ठेवायचा. ‘गिऱ्हाईक पळून जाईल’ म्हणून फ्लॉपला १,००० आणि टर्नला ४,००० लावलेत, तर रिव्हरला पॉट १५,९०० आणि मागे १७,८०० उरतात. आता सगळे ढकलले की पॉटपेक्षा मोठी बेट होते, आणि समोरचा बहुधा फोल्ड करतो.

२. टेबलावरची पानं वाचा

समजा, बदामाचा एक्का, किलवरची सत्ती आणि इस्पिकची दुर्री आली. रंग जुळत नाही, सिक्वेन्सची शक्यता नावालाच. शिवाय प्रीफ्लॉप रेझ (फ्लॉपच्या आधी बेट वाढवणं) तुम्ही केलेलं, त्यामुळे मोठे एक्के तुमच्याकडे असण्याची शक्यता जास्त. इथे एक तृतीयांश पॉट, म्हणजे २,००० पुरे. हातात काही नसलं तरी समोरच्याने चारातून एकदा फोल्ड केलं की ही बेट जवळपास फिटते. तेच काम करायला ५,००० लावणं म्हणजे उधळपट्टी: वाईट पानं छोट्या बेटलाही पडणारच होती, आणि मोठ्या बेटला चांगलीच पानं कॉल करणार.

आता बदामाची नव्वी, बदामाची अट्ठी आणि चौकटची छक्की बघा. ही पानं बिग ब्लाइंडच्या जास्त कामाची. सत्ती, दश्शी, छोट्या जोड्या घेऊन तोच बसलेला असतो. इथे पुष्कळदा चेक करा, म्हणजे बेट न लावता पुढे जा. हातात गुलामाची जोडी असेल आणि बेट लावायचीच असेल, तर दोन तृतीयांश लावा, साधारण ४,०००. कारण असं की त्याच्या हातात दोन बदाम असतील तर न दिसलेल्या ४७ पानांत त्याच्या कामाची ९, म्हणजे पुढच्याच पानावर फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) लागण्याची शक्यता १९ टक्के. तुमच्या २,०००च्या बेटला कॉल करणं परवडायला त्याला जिंकण्याची २० टक्के शक्यता लागते. जवळपास फुकटातच पान दिल्यासारखं. ४,००० लावलेत तर २९ टक्के लागतात. फ्लश लागल्यावर तुमच्याकडून आणखी काढू म्हणून तो तरीही कॉल करेल. करू दे, पण भाव त्याला महाग पडला.

तिघे-चौघे डावात असतील तर ब्लफ (हातात काही नसताना लावलेली बेट) कमी करा. एवढंच.

३. स्टॅक छोटा असेल तर ऑल-इनचं उत्तर आधी ठरवा

तोच डाव, पण सुरुवातीला तुमच्याकडे १२,००० होते. मागे ९,८००, पॉटच्या दुपटीहूनही कमी. ३,००० लावलेत आणि समोरच्याने ऑल-इन केलं, तर ६,८०० भरून १८,७०० जिंकायचे आहेत. २७ टक्के जिंकण्याची आशा असली तरी कॉल करावा लागतो. म्हणजे बहुतेक पानांनी फोल्ड करताच येत नाही. फोल्ड करायची तयारी हवी असेल तर १,५०० लावा किंवा चेक करा. मला स्वतःला या स्टॅकवर निम्म्या पॉटची बेट अजिबात आवडत नाही.

४. बबलवर हात आखडता

पहिल्या तिघांना गुण आहेत आणि चौघे उरलेत (हाच बबल), तर मधल्या स्टॅकवाल्याला बाहेर जाण्याची धास्ती असते. त्याला फोल्ड करायला पाव पॉटही पुष्कळदा पुरतो. तुम्हीच मधल्या स्टॅकवर असाल तर सगळ्यात मोठ्या स्टॅकशी मोठा पॉट करू नका.

५. चिप्स एकदम पुढे सरकवा

आकडा मनात पक्का झाल्यावरच चिप्सना हात लावा, आणि सेट असो की ब्लफ, तशाच पानांवर तेवढीच बेट. न बोलता दोन-दोन हप्त्यांत चिप्स टाकल्या तर पहिला हप्ताच धरला जातो. तोंडाने आकडा सांगितला की तो पक्का. आणि समोरच्याच्या २,०००च्या बेटवर न बोलता ५,०००ची एकच चिप टाकली, तर तो नुसता कॉल असतो. रेझ करायचं असेल तर चिप हातातून सुटायच्या आधी ‘रेझ’ म्हणा.