दुसरी किल्ली कुणाकडे आहे?

माझा मामेभाऊ पुढच्या आठवड्यात विट्याहून पुण्याला पहिल्या नोकरीसाठी चाललाय. गादी, डबे, लोणच्याची बरणी ही यादी मामीने केलीच आहे आणि ती चांगली आहे. ही दुसरी यादी. चार वर्षांपूर्वी मी कराडहून पुण्याला आले तेव्हा अशी यादी मला कुणी दिली नव्हती, आणि त्यातली एक गोष्ट राहिली म्हणून माझ्या जिवावर बेतलं. त्याच्यासाठी लिहिलंय म्हणून सगळीकडे ‘तू’ आहे, पण एकटं राहायला निघालेल्या कुणीही वाचावी.

तीच गोष्ट आधी सांगते. खोलीची दुसरी किल्ली जवळपास राहणाऱ्या एका माणसाकडे ठेवायला दे. पहिल्या दिवशी, सामान लावायच्या आधी.

माझी दुसरी किल्ली माझ्याच कपाटात होती. सप्टेंबर महिना, वाकडला तिसऱ्या मजल्यावरची खोली, मैत्रीण नुकतीच सोडून गेलेली. ताप आला. आईला फोनवर म्हटलं, जरा सर्दी आहे. ऑफिसात सुट्टी टाकली. तीन दिवस पॅरासिटामॉल घेऊन पडून राहिले. चौथ्या दिवशी ताप उतरला तेव्हा वाटलं, सुटले. डेंग्यूत ताप उतरतो तोच काळ सगळ्यात जपायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, विलक्षण गळून जाणं, यातलं काहीही दिसलं की थेट दवाखाना गाठायचा. आणि तापात आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनाने घ्यायची नाही, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. मला त्या रात्री उलट्या सुरू झाल्या, मोरीपाशी जाऊन बसले आणि उठताच येईना. फोन दुसऱ्या खोलीत. दाराला दोन दिवसांच्या दुधाच्या पिशव्या तशाच लटकलेल्या पाहून समोरच्या काकूंनी बेल वाजवली. मी आतून हाक मारली, पण लॅच उघडायला जाता आलं नाही. रविवार होता. किल्लीवाला सापडून कुलूप निघायला सव्वा तास गेला. प्लेटलेट एकोणीस हजारांवर आल्या होत्या.

त्या सव्वा तासात काकू दाराबाहेरून माझ्याशी बोलत होत्या. मी उत्तर देणं थांबवलं तेव्हा त्या रडायला लागल्या, हे मला नंतर कळलं. म्हणून सांगते, किल्ली दे. कुणाकडे, हा विचार नीट कर. घरमालक मुंबईला किंवा नाशिकला राहत असेल तर त्याच्याकडची किल्ली कामाची नाही. पंधरा मिनिटांत चालत येईल असा माणूस हवा. ‘अजून कुणाशी तशी ओळख नाही’ हे कारण मला सांगू नकोस. ओळख नसेल तर ती करणं हेच पहिल्या आठवड्याचं काम. वरच्या मजल्यावर जा, नाव सांग, गाव सांग. माणसं विचारतातच, विट्याचे कुठले? आणि अंगात ताप असेल त्या रात्री नुसतं लॅच लाव, आतून कडी घालू नकोस. कडी असली की बाहेरची किल्ली फुकट.

आता भाडेकरार. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, असं तुला एजंट सांगेल. महाराष्ट्रात ते चूक आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार (म्हणजे आपला हा अकरा महिन्यांचा भाडेकरार) लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी शुल्क शहरात १,००० रुपये. मुद्रांक शुल्क वेगळं, ते भाडं आणि अनामत रकमेवरून निघतं आणि फार नसतं. कोण किती भरणार ते आधी बोलून घे. अनामत रक्कम करारात आकड्याने लिहिलेली आहे का पाहा आणि ती बँकेतूनच दे, रोख नको. राहायला जाशील त्या दिवशी भिंती, नळ, पंखे, ओल आलेले कोपरे यांचे फोटो काढ आणि लगेच मालकाला पाठव, म्हणजे सोडताना रंगकामावरून वाद होणार नाही. पोलिसांकडे द्यायच्या भाडेकरूच्या माहितीत घरच्यांचा चालू नंबर नीट भर. माझा फोन लॉक होता, काकूंना माझ्या घरचं कुणी माहीत नव्हतं. मालकाकडच्या त्या कागदावर बाबांचा नंबर होता म्हणून त्यांना कळलं. ते रात्रीच्या एसटीने निघाले आणि पहाटे माझ्या उशाशी होते. कंटाळा म्हणून तो रकाना मी मोकळा सोडला असता तर?

फोनवरून आठवलं. लॉक असतानाही दिसेल अशी इमर्जन्सी माहिती भरायची सोय फोनमध्ये असते. रक्तगट, कुठलं औषध चालत नाही ते, आणि दोन नंबर: एक घरचा, एक किल्लीवाल्या माणसाचा. हे वाचता वाचता भर. रुग्णवाहिकेसाठी १०८, बाकी कुठल्याही संकटात ११२.

विमा. कंपनी देते तो गटविमा चांगला असतो, पण तो नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबर जातो. रुजू झाल्यावर ई-कार्ड मेलवर येतं आणि तिथेच पडून राहतं. माझंही तसंच पडून होतं. रुग्णालयाने विचारलं तेव्हा सांगायला कुणी नव्हतं, आणि वीस हजारांची अनामत काकूंच्या यजमानांनी स्वतःच्या कार्डावर भरली. ज्यांना माझं आडनावही धड माहीत नव्हतं त्यांनी. तेव्हा ते कार्ड छापून घे. एक प्रत पाकिटात, एक घरी, एक किल्लीवाल्या माणसाकडे. रुग्णालयातल्या खोलीच्या भाड्याची मर्यादा किती ते वाच, कारण त्याहून महागडी खोली घेतली तर बऱ्याच पॉलिसींत बाकीच्या बिलालाही त्या प्रमाणात कात्री लागते. तातडीने भरती झालं तर बहुतेक ठिकाणी चोवीस तासांत विमा कंपनीला कळवावं लागतं. तू सलाईन लावून पडलेला असताना हे कोण कळवणार? पुन्हा तोच माणूस. त्याच्याकडे किल्ली हवी, कार्ड हवं, घरचा नंबर हवा.

पैसे. पहिला पगार आला की आईला साडी घे, जरूर घे. त्यानंतर तीन महिन्यांचं भाडं आणि जेवणखाण भागेल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात साठेपर्यंत नवा फोन नाही. क्रेडिट कार्ड घेतलंस तर पूर्ण बिल भरायचं. ‘मिनिमम ड्यू’ भरलं म्हणजे भागलं असं वाटतं, पण उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढत राहतं. पगाराच्या पावतीवर व्यवसाय कर दिसेल: दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. तो राज्याचा आहे, चुकून कापलेला नाही. पीएफचा यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, बारा आकडी असतो, जपून ठेव. नोकरी बदलताना पीएफ काढू नकोस, नव्या कंपनीत वळवून घे. सलग पाच वर्षं होण्याआधी काढलास तर त्यावर कर बसू शकतो. आणि पीएफला नॉमिनी ऑनलाइन भर. कंपनी आपोआप भरत नाही. बँकेतही नॉमिनी बघ. चोविसाव्या वर्षी नॉमिनी कशाला, असं मीही म्हणत होते. बाबा माझ्या पलंगाशेजारी बसून होते तेव्हा त्यांना माझं एकही खातं माहीत नव्हतं. एका वहीत लिही: कुठली बँक, कुठला विमा, यूएएन. पासवर्ड लिहू नकोस. वही कुठे आहे ते मामाला सांग.

स्वयंपाक. कुकर लावता येतो, भाकरी जमत नाही, हरकत नाही. नव्या गावात पत्त्याचा पुरावा नसताना ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या सताड उघड्या, आणि दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. मग घराबाहेर येऊन १९०६ ला फोन. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि बादलीतलं साठवलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून दे, घासून कोरडं कर. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. माझ्या खोलीत तो मनीप्लांटच्या बाटलीत वाढला असावा.

घरी फोन. रोज कर, दोन मिनिटं कर, आणि बरं नसेल तर बरं नाही असं सांग. आई काळजी करेल म्हणून मी ‘सर्दी’ म्हटलं. खरं सांगितलं असतं तर बाबा दुसऱ्याच दिवशी आले असते. दोन दिवस वाचले असते.

आता राहिलेलं भराभर. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८. आयकर विवरणपत्राची तारीख एरवी ३१ जुलै, ते भरायला त्याच्या दोन आठवडे आधीच बस. मूळ प्रमाणपत्रं घरीच ठेव, प्रती आण. कंपनीने मूळ मागून ठेवून घेतली तर मला फोन कर. गाडी आणलीस तर पीयूसी, हेल्मेट. दात दुखला तर लगेच जा. कपडे, बूट, छत्री तुझं तू बघ.

पुण्यात उतरलास की खोलीवर जायच्या आधी बाजारातल्या किल्लीवाल्याकडे थांब. दहा मिनिटांचं काम आहे. एक जास्तीची करून घे, लॅचमध्ये घालून फिरवून बघ. नवी किल्ली पुष्कळदा अडते. संध्याकाळपर्यंत ती कुणाच्या हातात दिलीस ते मला कळव, त्यांचा नंबर पाठव. मी त्यांना स्वतः फोन करणार आहे.