फीडची यादी आधी फोनबाहेर काढा

मागच्या पावसाळ्यात फवारणीसाठी भरलेल्या ड्रमवर वाकलो आणि वरच्या खिशातला फोन सरळ पाण्यात. तालुक्याच्या दुकानदारानं चौथ्या दिवशी फोन जिवंत करून दिला, पण आतून कोरा. फोटो आणि नंबर मेलच्या खात्यातून परत आले. गेली ती तीन वर्षं जमवलेली १४० फीडची यादी, म्हणजे कोणकोणत्या साइटचं नवं लिखाण आपोआप माझ्यापर्यंत यावं त्याची. बरं, यादीची फाईल मी काढली नव्हती असंही नाही. काढली होती, आणि त्याच फोनच्या डाउनलोड फोल्डरात ठेवली होती! म्हणून आता नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

फीडचं तांत्रिक नाव आरएसएस, पण तसं म्हटलं की आमच्याकडे समोरचा आधी नागपूरचा विचार करतो, म्हणून मी नुसतं फीड म्हणतो. १९९९ पासूनची सोय आहे. साइट आपल्या नव्या मजकुराची एक साधी यादी ठेवते, तुमचा रीडर, म्हणजे फीड वाचायचं अ‍ॅप, अधूनमधून जाऊन ती पाहून येतो आणि नवं असेल ते तुमच्यापुढे मांडतो. काय दाखवायचं, काय लपवायचं हे मधे कोणी ठरवत नाही.

अ‍ॅप घ्यायच्या आधी वही घ्या. कोण वाचायचं आहे ते लिहा, नुसतं नाव नाही, साइटचा पत्ता लिहा. रोज लिहिणारे तसेही दिसतात. फीड खरी कामाची ती वर्षातून तीन-चारदा लिहिणाऱ्यांसाठी. माझ्या यादीत ज्वारीच्या जुन्या वाणांवर लिहिणारे एक निवृत्त गुरुजी होते. सहा महिने गप्प, मग एकदम दोन पानी लेख, दाणा कसा, कडबा किती, भाकर कशी होते इथवर. ब्लॉगचं नाव मला आजही आठवून नाही राहिलं. शोधून शोधून थकलो.

रीडर दोन जातीचे. एक सगळं फोनातच ठेवणारा, दुसरा खात्यावर चालणारा, जसे फीडली, इनोरीडर. कम्प्युटरवर थंडरबर्ड चालतं, आयफोनवाल्यांना नेटन्यूजवायर आहे. माझं मत आता खात्यावाल्याकडे झुकलं आहे, आणि कारण फक्त तो ड्रम नाही. वर्डप्रेसची फीड मुळात शेवटचे १० लेखच दाखवते, यूट्यूबची शेवटचे १५ व्हिडिओ. सोंगणी-मळणीत महिनाभर फोन उघडला नाही तर मधले लेख फीडमधून सरकून जातात. खात्यावाला रीडर तिकडे त्याच्या सर्व्हरवर जमा करत बसतो. पण खातं आहे म्हणून निश्चिंत राहू नका, का ते खाली सांगतो.

फीड शोधणं सोपं आहे, लोक उगाच घाबरतात. पूर्वीचं ते नारिंगी चिन्ह आता फारसं दिसत नाही. साइटचा पत्ता रीडरच्या शोधात चिकटवा, बहुतेक वेळा तो स्वतःच हुडकतो. नाही सापडलं तर वर्डप्रेसच्या साइटला पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ (/) देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहून पाहा. जुने मराठी ब्लॉग पुष्कळसे ब्लॉगरवर आहेत, तिथे ‘फीड्स’, ‘पोस्ट्स’, ‘डिफॉल्ट’ हे तीन शब्द, प्रत्येकाआधी तिरपी रेघ. यूट्यूबच्या चॅनेलचा पत्ता तसाच टाका. पॉडकास्ट तर मुळात फीडवरच चालतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपातलं यात येणार नाही, नाद सोडा. आणि मोठ्या वर्तमानपत्राची अख्खी फीड घेऊ नका बाप्पा! दिवसाला ढिगानं बातम्या पडतात आणि गुरुजी त्याखाली गाडले जातात. वर्डप्रेसवर एखाद्या विभागाच्या पत्त्यालाही तीच शेपटी लावता येते, मग फक्त शेती किंवा फक्त हवामान येतं.

आता मुख्य. दहा फीड टाकून झाल्या की थांबा आणि सेटिंगमध्ये जाऊन ओपीएमएल एक्सपोर्ट करा. दहा झाल्या की, शंभर झाल्यावर नाही. ओपीएमएल म्हणजे तुमच्या यादीची फाईल. साध्या नोटपॅडमध्ये उघडते, एका ओळीत एक साइट, नाव आणि पत्ता डोळ्यांनी वाचता येतो. एका फोटोपुढे चिमूटभर जागा घेते. ही फाईल फोनबाहेर गेली पाहिजे. स्वतःला मेल करा, आणि अमरावतीला शिकणाऱ्या पुतण्याला व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन्ही करा. डाउनलोड फोल्डर म्हणजे फोनबाहेर नव्हे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, मी ऐकलं नव्हतं.

खातेवाल्यांनीही काढायची. गूगल रीडर आठवतो? मार्च २०१३ मध्ये बंद करणार म्हणून जाहीर झालं, १ जुलैला बंद. ज्यांनी ही फाईल काढून ठेवली त्यांनी ती दुसरीकडे इम्पोर्ट केली आणि संध्याकाळी वाचायला बसले. बाकीचे वही शोधत राहिले. आणि काढलेली फाईल एकदा घरातल्या दुसऱ्या फोनवर इम्पोर्ट करून पाहा, सगळ्या फीड येतात का. नुसती पाठवली, उघडून नाही पाहिली, तर काय उपयोग?

रेंजचं बघा. आमच्याकडे देवळाच्या ओट्यावर चार कांड्या येतात, घरात एकही नाही. म्हणून ऑफलाइन वाचायला पूर्ण लेख उतरवायची सोय चालू करा. काही फीड नुसत्या दोन ओळी देतात, त्यांना पूर्ण मजकूर ओढायचं बटण वेगळं असतं. फोनचा बॅटरी सेव्हर रीडरला मागे चालू देत नाही, त्यातून त्याला वगळा.

नोटिफिकेशन बंद. फोल्डर तीन-चार पुरे. साचलेलं ‘सगळं वाचलं’ करून टाका, पाप लागत नाही. वर्षभर न हललेली फीड लगेच काढू नका, गुरुजींसारखं कोणी असू शकतं. नव्या फीड जोडल्या की पुन्हा एक्सपोर्ट, पुन्हा फोनबाहेर. मी आता महिन्याच्या १ तारखेला काढतो. माझ्या यादीत सध्या ८३ आहेत, फाईल आत्ताच पुतण्याला पाठवली. “काका, परत?” म्हणतो. हो, परत.