कुत्र्याचं घर घरीच बनवताय? या चुका टाळा

घरी बनवलेलं कुत्र्याचं घर सहसा मोडून पडत नाही. ते चांगलं भक्कम उभं असतं आणि कुत्रा मात्र त्याच्या शेजारी उघड्यावर झोपलेला असतो. अशा वेळी दोष बहुतेकदा मापात, हवेत नाहीतर ओलीत सापडतो.

‘ऐसपैस असू दे’ म्हणून मोठं खोकं ठोकणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. थंडीत आत ऊब असते ती कुत्र्याच्या अंगाचीच, आणि मोठ्या जागेत ती टिकत नाही. लांबीसाठी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा, उंचीसाठी डोक्यापर्यंत, आणि दोन्हींत साधारण पाव हिस्सा वाढवा. रुंदी मात्र कुत्रा उभा असताना घेऊ नका. तो कुशीवर पाय ताणून झोपला की पाठीपासून पंजांपर्यंत मोजा. पिल्लू असेल तर पूर्ण वाढीचं माप धरून बांधा आणि तोवर जागा लहान ठेवायला आत सरकवता येणारी फळी लावा. दार मधोमध नको, एका बाजूला ठेवा, म्हणजे आत वारा-पावसापासून आडोशाचा कोपरा मिळतो.

उन्हाळ्याचा विचार फार कमी जण करतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकताना जीभ आणि तोंडातला ओलावा उडतो, त्यानेच तो थंड होतो. बंद पेटीत त्याच्याच श्वासाने हवा दमट झाली की ओलावा उडेनासा होतो आणि धापा टाकूनही अंग तापतच राहतं. म्हणून समोरासमोरच्या भिंतींना छपराच्या वळचणीखाली भोकं हवीतच. नुसता पत्रा टाकला असेल तर खाली थोडी पोकळी सोडून प्लायवूड लावा आणि घर सावलीत हलवा. भर उन्हात त्यात कुत्रा बांधून ठेवणं मात्र कुठल्याच रचनेत चालत नाही.

आतून कुबट वास येतोय? अंथरूण उचला. तळाची फळी खालून ओली असेल तर ती जमिनीची ओल आहे. घर विटांवर किंवा पायांवर किमान चार इंच उचला. भिंतींचा प्लाय कडेने फुगला असेल तर कापलेल्या कडा रंगाशिवाय राहिल्यात, पाणी तिथूनच शिरतं. छपराचा उतार मागच्या बाजूला द्या, नाहीतर पागोळ्या नेमक्या दारात पडतात. कुत्र्याला आत सोडण्याआधी छपरावर बादलीभर पाणी ओतून बघा. गळती असेल तर पावसाळ्याआधीच कळेल.

उबेसाठी थर्माकोल लावायचा तर दोन प्लायच्या मध्ये पूर्ण बंद करा. उघडा ठेवलात तर कुत्रा तो कुरतडणार आणि गिळणारही. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला वापरलेलं इंजिन ऑइल फासतात, ते अजिबात नको, कारण कुत्री लाकूड चाटतात. रंगही शक्यतो बाहेरूनच द्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरा, आत टोक आलंय का ते हात फिरवून पाहा.

छप्पर कायमचं ठोकून टाकलं की साफसफाई संपलीच. गोचिडी फटींत दडतात, अंडीही तिथेच घालतात, त्यामुळे नुसतं कुत्र्याला औषध लावून त्या पुन्हा येतात. छपराला बिजागऱ्या लावा, फटी भरून घ्या. नक्षीदार खिडकी नि नावाची पाटी नंतर, हौस असेल तर.

एवढं करूनही तो आत जात नसेल तर ढकलून घालू नका, एकदा धसका घेतला की तो दाराजवळही येत नाही. त्याचं जुनं, न धुतलेलं अंथरूण आत टाका, खाऊ आधी उंबऱ्याशी आणि मग रोज थोडा आत ठेवा. दाराला झडप किंवा पडदा असेल तर सवय होईपर्यंत काढून ठेवा. तरीही टाळतोय असं दिसलं तर घराची दिशा बदलून बघा. माणसांची ये-जा दिसत नसेल तर बरीच कुत्री तिथे बसायला तयार होत नाहीत.