जुन्या सायकलचा आवाज शोधताना या चुका टाळा

आवाज आला की हात आधी तेलाकडे जातो, आणि पहिली चूक तिथेच होते. दिसेल त्या सांध्यात तेल ओतलं की आवाज दोन दिवस दबतो. मग त्याच तेलावर धूळ बसते, आतली झीज वाढते आणि आवाज नेमका कुठला हे ओळखणं आणखी अवघड होतं. आधी जागा शोधा, तेलाचं नंतर बघू.

दुसरी चूक म्हणजे आवाज जिथून ऐकू येतो तिथेच दोष आहे असं धरून चालणं. फ्रेमच्या पोकळ नळ्या आवाज कुठल्या कुठे नेतात. सीटची करकर पायाखाली ऐकू येते. म्हणून ताल मोजा. पायडलच्या दर फेऱ्याला एकदा 'टक' होत असेल तर पायडल, क्रँक (पायडलचा दांडा) किंवा दोन्ही क्रँक जोडणारा मधला अ‍ॅक्सल तपासा. पाय थांबवले तरी चाकाच्या दर फेऱ्याला आवाज येत असेल तर मडगार्ड, ढिले स्पोक, रिमचा आऊट (रिम वाकून डुलणं) बघा. आणि पायडलच्या अडीचेक फेऱ्यांनी एकदा येत असेल तर चेनची एखादी कडी आखडली आहे. पुढे ४४ दाते आणि चेनला ११२ कड्या असतील, तर अख्खी चेन फिरायला तेवढेच फेरे लागतात. पायडल हाताने उलटं, सावकाश फिरवा. फ्रीव्हीलवरून, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रावरून, सुटताना जी कडी वाकडीच राहते, ती दोषी.

उभ्याने पायडल मारल्यावर आवाज थांबला तर दोष सीटचा. क्लॅम्प आवळा, सीटचा पाइप काढून पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

कॉटर पिनेवर, म्हणजे क्रँक अ‍ॅक्सलला पक्का धरणाऱ्या पिनेवर, मात्र जरा थांबायला हवं, कारण जुन्या सायकलीत चुकीचं निदान मी सर्वाधिक इथेच पाहिलं आहे. एक क्रँक घट्ट धरा आणि दुसरा मागेपुढे हलवून बघा. तो एकटाच किंचित सरकला तर पिन ढिली आहे. दोन्ही क्रँक मिळून आडवे डुलत असतील तर पिनेला हात लावू नका, तो खेळ मधल्या अ‍ॅक्सलच्या बेअरिंगचा, म्हणजे कपांचा आणि छर्र्यांचा (पोलादी गोळ्यांचा) आहे. पिन ढिली निघाली की लोक नट जोरात आवळतात. पण पिन ही पाचर आहे. ती नटाने ओढून बसत नाही, उलट तिचे आटे जातात. क्रँकखाली भक्कम आधार ठेवून पिन ठोका आणि मगच नट आवळा. आधार नसेल तर हातोडीचा घाव छर्र्यांवर बसतो. ढिल्या पिनेवर सायकल दामटत राहिलात तर अ‍ॅक्सलची खाच झिजते, मग नवी पिनही टिकत नाही.

पायडल आवळताना लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सवयीने फिरवलंत तर ते सुटत जाईल.

पाय थांबवल्यावर फ्रीव्हील किटकिटतं, ते तसंच असायला हवं. ते बंद करायला आत घट्ट ग्रीस भरू नका; पायडलचा जोर चाकाला देणाऱ्या आतल्या खिट्ट्या चिकटतात आणि चढावर पायडल अचानक रिकामं फिरतं. तिथे पातळ तेलाचे दोन-चार थेंब पुरेत.

चाकातून खरखर येत असेल तर हबमधले (चाकाच्या मधल्या भागातले) कोन, म्हणजे छर्र्यांना धरून ठेवणारे शंकूसारखे नट, जास्त आवळलेले असतील किंवा छर्रा फुटला असेल. फुटलेला एकच छर्रा बदलू नका, त्या बाजूचे सगळे एकाच मापाचे नवे घाला. पुढच्या हबला सहसा ३/१६ इंची छर्रे असतात, मागच्याला १/४ इंची. कोन आवळल्यावर चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि आडवं हललंही नाही पाहिजे.

ब्रेक किंचाळतात म्हणून रिमला किंवा ब्रेक शूला तेल कधीही लावू नका. ब्रेकच लागणार नाही. रिम पुसा, शू सरळ बसवा.

हे सगळं करूनही करकर उरली तर फ्रेम पुसून फोर्कच्या वरच्या टोकाशी आणि क्रँकभोवतीच्या जोडांवर उजेडात नीट बघा. रंगाखालून बारीक गंजकी रेघ दिसली तर तो तडा असू शकतो. वेल्डिंगच्या जाणकाराला दाखवेपर्यंत त्या सायकलवर बसू नका.