केबिनचं प्रेशर गेल्याचा भोंगा वाजला की वैमानिकाचा हात कुठे जातो?

सिम्युलेटरमध्ये केबिनचं प्रेशर घालवलं की मी शिकाऊ वैमानिकांच्या चेहऱ्याकडे बघतच नाही, हात बघतो. निम्म्या वेळा हात वर, प्रेशरच्या पॅनेलकडे जातो. "सर, काय बिघडलंय ते बघत होतो." बघ की बाबा, पण मास्क घालून बघ!

३५,००० फुटांवर ऑक्सिजनशिवाय डोकं कामाचं राहतं ३० ते ६० सेकंद. प्रेशर एकदम गेलं तर त्याच्या निम्मंच. त्यात दचकण्यात चार-पाच सेकंद जातातच, ती कुणाचीच वाचत नाहीत. कॉकपिटमधला मास्क एका हाताने पाच सेकंदांत बसेल असाच बनवलेला असतो. वेळ खातो आपला पसारा. म्हणून उड्डाणाआधी खुर्चीत बसून हात नेऊन बघा. चष्मा, टोपी, हेडसेट आड येतात का? माझा स्वतःचा चष्मा पहिल्या सरावात पट्ट्यात अडकून पायाशी पडला होता. तेव्हापासून बारीक दांड्यांचा वापरतो.

मास्क लागला, १०० टक्के ऑक्सिजन सुरू, आणि सहवैमानिकाचा आवाज कानात आला, की मग घाई सोडा. खरंच सोडा. खाली उतरायची उंची १०,००० फूट लावा, खाली डोंगर असतील तर तिथली सुरक्षित उंची. थ्रॉटल मागे, स्पीडब्रेक (पंखांवरच्या वेग रोखणाऱ्या फळ्या) बाहेर, नियंत्रण कक्षाला कळवा, ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा आणीबाणीचा कोड. विमानाचा सांगाडाच फाटल्याची शंका असेल तर वेग वाढवू नका.

भोंगा ओळखणं मात्र वेगळं घोटून घ्या. १४ ऑगस्ट २००५ ला सायप्रसच्या हेलिओस कंपनीच्या बोइंग ७३७ मध्ये प्रेशरचा स्विच ऑटोऐवजी मॅन्युअलवर राहिला होता. केबिनच्या उंचीचा (म्हणजे आतली हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ झाली त्याचा) भोंगा आणि विमान टेकऑफसाठी नीट लावलेलं नसल्याचा भोंगा त्या विमानात एकच. चढत असताना तो वाजला, वैमानिकांनी दुसराच अर्थ लावला आणि जमिनीवरच्या इंजिनिअरशी बोलत राहिले. १२१ माणसं गेली. हवेत असताना तो भोंगा टेकऑफचा असूच शकत नाही, एवढं एक वाक्य पाठ करा.

खाली पोहोचल्यावर केबिनची उंची दोघांनी मोठ्याने वाचा, मगच मास्क काढा. पुष्कळ विमानांत मास्क काढला तरी माइक त्याचाच चालू राहतो. मास्क ठेवायच्या डब्याचं झाकण लावून रिसेट दाबावं लागतं. एक पोरगा मला पूर्ण परिस्थिती समजावून सांगत होता, आणि मला ऐकू येत होता फक्त डब्यातला फुसफुस आवाज.