लँडर कलंडतो का? सहाव्या हिश्शाच्या मॉडेलवर घ्यायची चाचणी

मॉडेल चंद्रावर उतरणाऱ्या खऱ्या यानाच्या एक-षष्ठांश मापाचंच करा. चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकं असतं. लांबीही तितकीच घटवली की कलंडण्याचं गणित खऱ्या वेगालाच जुळतं. पूर्ण मापाचं यान इथे आपटून पाहिलं तर ते ठाम उभं राहील, पण तेच चंद्रावर उलटू शकतं. ही फसगत सगळ्यात घातक.

चांद्रयान-३ चा विक्रम साधारण २ × २ × १.१७ मीटरचा, म्हणून मॉडेल ३३ × ३३ × १९ सेंमी. वजन ४ किलो धरू. गुरुत्वमध्याची उंचीही त्याच प्रमाणात हवी. बॅटरी वर बसवली की सगळं बिघडतं.

विक्रमच्या मर्यादा अशा होत्या: उभा वेग २ मीटर प्रतिसेकंद, आडवा ०.५, उतार १२ अंश. २ च्या वेगासाठी तळपाय वाळूपासून २० सेंमी वर ठेवून सोडा, ३ साठी ४६ सेंमी. आडव्या वेगासाठी दीड मीटरच्या चार समांतर दोऱ्यांवर पाटी टांगा, तिच्याखाली इलेक्ट्रोमॅग्नेटने मॉडेल धरा, २० सेंमी मागे ओढून सोडा आणि झोक्याच्या तळाशी इलेक्ट्रोमॅग्नेट बंद करा. चुंबक आणि मॉडेलवरची लोखंडी पट्टी यांच्यामध्ये जाड कागद ठेवा. नाहीतर उरलेल्या चुंबकत्वामुळे मॉडेल उशिरा सुटतं.

चारही पायांत पुठ्ठ्याचं हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी जाळी) घाला. ३ च्या वेगाला ३ सेंमी चेपून थांबायचं तर प्रत्येक पायाला सुमारे १६० न्यूटन बळ येतं. बसवण्याआधी तुकडा २-३ मिमी चेपून घ्या, म्हणजे सुरुवातीचा तीव्र झटका जातो. पुण्याच्या पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन मऊ पडतो. सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा.

पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात झटका मोजणारे १६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट) मर्यादेचे स्वस्त सेन्सर मिळतात, पण इथे सरासरीच १५ जी भरते, शिखर कापलं जातं. २०० जी चा घ्या आणि सेकंदाला किमान हजार नोंदी घ्या.

१ × १ मीटरच्या पेटीत १० सेंमी बेसाल्टची क्रश सँड भरा. नदीच्या वाळूचे कण गोल असतात, चंद्रावरचे टोकदार. वजन दीडशे किलोच्या आसपास जातं, म्हणून पेटी तळमजल्यावरच मांडा. १२ अंशांसाठी एक कड २१ सेंमी उचला. दर चाचणीनंतर वाळू मोकळी करून सपाट करा, नाहीतर ती दबून कडक होते.

दोन पाय उताराकडे आणि आडवा वेगही तिकडेच, ही स्थिती सर्वांत कठीण. पायांना जोडणारी कड मध्यापासून जवळ असते. चाचणी तिथूनच सुरू करा, मग त्या दोन पायांपुढे दगड ठेवून पुन्हा.