कला-वाणिज्य शाखांच्या भौतिकशास्त्र वर्गात संभाव्यता कशी शिकवावी

कला किंवा वाणिज्य शाखेचे विद्यार्थी ओपन इलेक्टिव्ह म्हणून भौतिकशास्त्र घेतात, तेव्हा संभाव्यतेची सुरुवात सूत्रांनी करू नये. सूत्रे पाठ होतात. पण एका अणुकेंद्रकाचा ऱ्हास केव्हा होईल हे सांगता येत नसले, तरी कोट्यवधी अणुकेंद्रकांपैकी किती उरतील हे अचूक सांगता येते, ही मूळ गोष्ट निसटून जाते. ती पटवण्यासाठी किरणोत्सारिता, म्हणजे अणुकेंद्रकांचा असा आपोआप होणारा ऱ्हास, हा सर्वांत सोयीचा विषय असून प्रत्येकी एक फासा एवढेच साहित्य त्याला पुरते.

वर्गात साठ विद्यार्थी आहेत असे धरू. सर्वांना उभे करावे आणि पहिल्या फेरीत किती जणांना सहा पडतील, निम्मे विद्यार्थी खाली बसायला किती फेऱ्या लागतील, हे अंदाज आधीच वहीत लिहून घ्यावेत. लेखी अंदाज नसला की नंतर प्रत्येकालाच आपण बरोबर होतो असे वाटते. मग सर्वांनी फासा टाकावा, सहा पडलेल्यांनी बसावे (बसणे म्हणजे अणुकेंद्रकाचा ऱ्हास) आणि उभे राहिलेल्यांची संख्या दर फेरीनंतर फळ्यावरील आलेखात मांडावी. पहिल्या फेरीत सरासरीने दहा जण बसायला हवेत, परंतु नेमके दहाच बसण्याची शक्यता साधारण सातांत एक इतकीच असते. सात बसले किंवा तेरा बसले तर प्रयोग फसला असे समजू नये; उलट हा चढउतार किती असावा, याच चर्चेला वेळ द्यावा. चौथ्या फेरीअखेर एकोणतीसच्या आसपास विद्यार्थी उभे राहतात, म्हणजे या ‘पदार्थाचा’ अर्धायुकाल (निम्मे उरायला लागणारा काळ) सुमारे 3.8 फेऱ्या आहे. फाशांऐवजी नाणी वापरली तर एकाच फेरीत निम्मा वर्ग बसतो आणि एका फेरीतली शक्यता व अर्धायुकाल या दोन कल्पनांची गल्लत होते.

दहाव्या फेरीनंतरही जे उभे असतील, त्यांच्याकडे बोट दाखवून विचारावे: यांना पुढच्या फेरीत सहा पडण्याची शक्यता वाढली आहे का? बरेच विद्यार्थी हो म्हणतील. उत्तर लगेच सुधारू नये, दोन्ही बाजूंना आपली कारणे मांडू द्यावीत. फाशाला मागच्या फेऱ्यांची आठवण नसते आणि अणुकेंद्रकही म्हातारे होत नाही, हे या वादातूनच पक्के होते.

यानंतर खरा पदार्थ घ्यावा. रुग्णालयांतील स्कॅनसाठी वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-99एमचा अर्धायुकाल सुमारे सहा तास आहे. बारा तासांनी सगळे संपेल हा नेहमीचा गैरसमज आहे. प्रत्यक्षात एक चतुर्थांश उरते, चोवीस तासांनी एक षोडशांश.

या उपमेची मर्यादाही सांगायलाच हवी. फाशाची फेक, वेग आणि टेबलाचा पृष्ठभाग नेमका माहीत असता, तर तत्त्वतः निकाल आधी सांगता आला असता. पुंज यामिकीनुसार, म्हणजे अणूंच्या पातळीवरील भौतिकशास्त्रानुसार, अणुकेंद्रकाबाबत अशी कोणतीही माहिती मुळात नसतेच. तरंगफलनाचा (कणाची अवस्था सांगणाऱ्या गणिती राशीचा) संभाव्यतेशी संबंध भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न यांनी 1926 मध्ये जोडला, एवढा उल्लेख पुरे. त्याचे गणित या वर्गात आणू नये.

परीक्षेतही केवळ आकडेमोड विचारू नये. ‘अर्धायुकाल आठ दिवस असलेल्या पदार्थाचे एकच अणुकेंद्रक आठ दिवसांनंतरही टिकून आहे; पुढील आठ दिवसांत त्याचा ऱ्हास होण्याची शक्यता किती आणि का?’ हा प्रश्न द्यावा आणि निम्मे गुण ‘का’ला ठेवावेत.